तुडुमात बसलेली गोळी

आधी आपला एक करार होऊ द्या. आमच्या गावात माझं नाव दोन गोष्टींसाठी घेतात: तलावाचं पाणी आणि थापा. पाणी मी मापात देतो, थापांना माप नाही. तेव्हा या लिखाणात माझं पोट, माझी भीती, डॉक्टरीणबाईंचा आवाज, सगळं थोडं फुगलेलं निघेल. ती सवय आहे, औषधाने जात नाही. पण गोळीबद्दल जे लिहीन त्यात दाण्याचीही भर नसेल. ज्याच्या घरी हा आजार आला आहे त्याने बाकीचं हसून सोडून द्यावं, गोळीचं तेवढं पदरात बांधून ठेवावं.

आता तलावाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बोदलकशाकडच्या जंगलाला टेकलेलं आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर जुना तलाव. तलावाच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, पाणी बाहेर सोडायचं जे दगडी भोक असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्यात लाकडाचा दट्ट्या. मी पाटकरी, म्हणजे तो दट्ट्या काढणारा आणि ठोकणारा माणूस. खाली धानाच्या बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या शेतातून, हाक येते, "सोड गाऽऽ", की मी पाणी सोडतो. बांधी भरली की दुसरी हाक येते, "भरलीऽऽ", की मी दट्ट्या ठोकतो. पहिली हाक चुकली तर धान वाळतं, दुसरी चुकली तर कुजतं. सगळी विद्या एवढीच.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्टही तुडुमाचीच. एका वर्षी दट्ट्या सडून फुटला आणि पाणी सुटलं. मी आव देखा न ताव, उडी मारली आणि पाठ लावून भोकात बसलो. सूर्य उगवला तेव्हा बसलो तो मावळेपर्यंत. मरळ मासे माझ्या पाठीला टेकून झोपा काढून गेले. संध्याकाळी मला उपटायला बैलजोडी लावावी लागली. गाव वाचलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती दवाखान्यात माझ्याविरुद्ध साक्ष देणार आहे.

पोट

गावात मोबाईलचा टॉवर नुकता उभा राहत होता तेव्हाचं हे. माझ्या डाव्या बरगडीखाली काहीतरी वाढू लागलं. आधी लिंबाएवढं, मग भोपळ्याएवढं. तिरोड्याच्या स्टँडवर आधी माझं पोट उतरायचं, मग कंडक्टर, मग मी. दोन घास खाल्ले की पोट गच्च. रात्रभर घाम. पाळीवर चढताना दम लागायचा, आणि त्या पाळीवर मी उघडाबंब धावत लहानाचा मोठा झालो.

आमच्याकडे पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की हिवतापच. दुसरं काही असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण दहातल्या नऊ वेळा खरंच हिवताप असतो. मी हिवतापाच्या गोळ्या खाल्ल्या. पुन्हा खाल्ल्या. पोट हललं नाही. मग माझी मोठी मावशी विळा तापवून घेऊन आली. पोटावर डाग दिला की पानथरी बसते, असं तिचं म्हणणं. तिने तिच्या काळात अर्धं गाव डागलं होतं.

माझी बायको कौसल्या दारात उभी राहिली.

"मावशी, विळा बाहेर ठेवा आन् चहा घ्या."

"अवो पोरी, तुले का समजते? नवरा मरून राहिला तुहा."

"मरन तं दवाखान्यात मरन. भाजलेला नाही मरू देनार मी."

मावशी चहा न घेता गेली. मी मात्र आतून ऐकलं की मी मरून राहिलो आहे. तोवर तो शब्द कोणी उच्चारला नव्हता.

मशीन

गोंदियाच्या लॅबमधल्या पोराने रक्त काढलं आणि आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो सुई घेऊनच.

"चाचा, एक बार और देना पड़ेगा."

"काऊन? पहिलं सांडलं का?"

"नहीं चाचा. मशीन मान नहीं रही."

मी कौसल्येकडे वळून म्हटलं, "पाह्य, मशीनचाबी माह्या गोष्टीवर विश्वास नाही." ती हसली नाही. ती त्या पोराचं तोंड पाहत होती. पोरगा आमच्याकडे पाहतच नव्हता.

डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला. पांढऱ्या पेशी असायला हव्यात त्याच्या कितीतरी पट. त्यांनी सरळ सांगायचं टाळलं. "आजच नागपूरला जा" म्हणाले. कौसल्येला टाळाटाळ चालत नाही.

"कॅन्सर हाये का जी?"

"तसंच दिसतंय. रक्ताचा."

पंखा फिरत होता. भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर होतं. मी त्या बाळाचे दात मोजले. त्याला एकही नव्हता.

बाहेर येऊन एसटीडीवरून बळीरामला फोन लावला. बळीराम माझा लहानपणापासूनचा सोबती. तलावाखालची पहिली बांधी त्याची, आणि गावातल्या विहाराची किल्लीही त्याच्याच कमरेला.

"बळ्या, मले रक्ताचा कॅन्सर झाला."

तो खो खो हसला. "मागच्या साली तुले वाघानं चाटलं होतं ना गा? तो बरा झाला का वाघ?"

"बळ्या, खरं सांगून राहिलो."

"हो हो, सांग. मी बिडी पेटवतो, थांब."

मला आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं होतं आणि माझ्याकडे त्यासाठी आवाजच नव्हता. कौसल्येने फोन माझ्या हातून घेतला. एवढंच म्हणाली, "दादा, या." पलीकडचं हसू जिथल्या तिथे बंद पडलं. संध्याकाळच्या गाडीआधी तो स्टेशनवर हजर होता, पायात दोन वेगळ्या चपला.

वेडा

नागपूरच्या वॉर्डात सकाळ टोपलीभर नळ्यांनी उजाडायची. रक्त घ्यायचं, वजन करायचं, पोटावर पेनाने रेघ ओढायची, म्हणजे पानथरी कुठवर आली ते कळतं. मग कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज ओढून काढला. मी ओरडलो तेव्हा कामठीपर्यंतच्या गाड्या थांबल्या असणार. प्रत्यक्षात काय झालं ते विचाराल तर एवढंच, की मी ओरडलो आणि एका नर्सबाईने माझा अंगठा धरून ठेवला. तिचं नाव मला कळलं नाही. हात थंडगार होता. तो अंगठा अजून तिच्याकडेच आहे असं वाटतं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र तहसीलदारासारखा. माझा धंदा विचारला. मी सांगितला, त्यात तुडुमाची गोष्टही घातली, मरळ माशांसकट. कौसल्येने छताकडे पाहिलं. बाई मात्र पूर्ण ऐकून म्हणाल्या, "बरं झालं. तुम्हाला समजावणं सोपं जाईल."

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. शरीरातल्या पेशीला आपल्या मनाने एकाच्या दोन होता येत नाही. बाहेरून हाक यावी लागते. जखम झाली, रक्त गेलं, की अंगातल्या रसायनांची हाक येते: सोड. पेशी वाढतात. पुरेशा झाल्या की हाक थांबते, वर थांबा सांगणारी दुसरी हाक येते. माझ्या हाडाच्या मगजातल्या एका पेशीत गुणसूत्रांच्या दोन तुकड्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून एक वेडा जन्मला. तो पाळीवर बसून आपलाच ओरडतो आहे, सोड, सोड, सोड. खाली बांध फुटले, कोणी "भरली" म्हणून बोंबलतं आहे, तरी हा थांबत नाही. त्या पेशीच्या जेवढ्या पेशी झाल्या, प्रत्येकीत हाच वेडा.

"मंग त्याले मारा ना जी," मी म्हटलं.

"मारता येत नाही. गप्प करता येतो. तो ज्या जागेत श्वास भरून ओरडतो ना, बरोबर त्या जागेत जाऊन बसणारी एक गोळी आहे. नवी आहे. गोळी बसली की त्याला दम भरता येत नाही. पण ती दिवसभरच बसते, मग विरघळून जाते. म्हणून रोज. जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. रोज."

"कवापर्यंत?"

"रोज," त्या म्हणाल्या, जणू तेच उत्तर होतं.

त्यांनी कुठे कुठे कागद धाडून माझ्यासाठी गोळीची सोय लावली. तो उपकार मी एका वाक्यात संपवतो, कारण त्यात तिखटमीठ घालायची माझी हिंमत नाही.

गोरेपणा

गोळीने काम केलं. पेनाची रेघ वर वर सरकत बरगडीत शिरली आणि दिसेनाशी झाली. मशीनने माझं रक्त एका दमात मान्य केलं. मी भात खाऊ लागलो, तोही कौसल्येच्या वाटचा.

पण गोळी फुकट बसत नाही. सकाळी डोळे सुजून असे मिटायचे की पापण्या बोटांनी उघडाव्या लागत. पोटऱ्यांत गोळे येत. मळमळ तर रोजची. आणि मी गोरा होऊ लागलो! खोटं नाही, ही गोळी काही लोकांची कातडी उजळते. मी जांभळाच्या रंगाचा माणूस, दिवाळीपर्यंत गव्हाळ झालो. गल्लीतल्या एका बाईने कौसल्येला बाजूला घेतलं.

"वहिनी, एक गोळी द्या ना वो. आमच्या पोरीले पाहाले येऊन राहिले."

"त्यासंगं कॅन्सरबी नेजो मंग," कौसल्या म्हणाली.

ही हसायची गोष्ट झाली. हसायची नव्हती ती अशी: त्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत मी चिखलात पाय टाकला की पोटऱ्या आवळायच्या आणि मी बांधीतच बसकण मारायचो. पाटकऱ्याला उभं राहता येत नाही म्हटल्यावर दट्ट्या दुसऱ्याच्या हातात जाणार, हे मला दिसत होतं. कौसल्येलाही दिसत होतं.

पाळी

धानाच्या माणसाला एक गोष्ट आईच्या दुधातून कळते. बांधीत पाणी कायम साचवून ठेवायचं नसतं. मुळं गुदमरतात. म्हणून पाळी असते. थोडे दिवस पाणी, थोडे दिवस कोरडं. जमिनीला हलकीशी भेग पडू द्यायची, मूळ श्वास घेतं, मग पुन्हा पाणी. तेव्हा कुठे लोंबी भरते.

एका दुपारी तलावाच्या पाळीवर आम्ही तिघं बसलो होतो. मी डोळे सुजवून, कौसल्या डबा उघडून, बळीराम नुसताच.

"मी म्हनतो," बळीराम म्हणाला, "रोज रोज गोळी, रोज रोज गोळी. मूळ सडन ना गा. रिपोर्ट चांगला हाये, तं थोडी हवा लागू दे."

कौसल्येने डबा बाजूला ठेवला. तिने माझ्या पापणीवर ओला पदर ठेवला. मग म्हणाली, "हप्ताभर घेऊ, हप्ताभर सोडू. पाळीनं."

मला ते इतकं बरोबर वाटलं की मी उलट विचारलं, "डॉक्टरीणबाईले हे काऊन नाही सुचलं?" आम्ही तिघांनी मिळून पिढ्यान्‌पिढ्यांची शेती त्या गोळीला लावली. फसवाफसवी कोणाच्या मनात नव्हती. आमच्या हिशेबाने आम्ही औषध वाया जाऊ देत नव्हतो, पिकवत होतो.

आणि काय सांगू, फरक पडला! सूज उतरली. पोटऱ्या मोकळ्या झाल्या. मी पाळीवर पुन्हा धावलो. गावाला दोन नव्या थापा ऐकवल्या. पण त्यानंतर एका सकाळी दट्ट्या ठोकायला वाकलो आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी मऊसं टेकलं, ओळखीच्या माणसाने मागून खांद्यावर हात ठेवावा तसं. मी ते कोणाला सांगितलं नाही. कौसल्येने न विचारताच रात्री माझं पोट चाचपलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीची पिशवी भरली.

साक्ष

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. एक साधा, एक तो वेडा किती उरला आहे ते मोजणारा. दोन्ही चढलेले.

"गोळी रोज घेता?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन झकास उत्तरं तयार होती, एकात अस्वल होतं. कौसल्या आधी बोलली.

"हे पाळीनं घेते जी. हप्ता देतो, हप्ता सोडतो. धानाले देतो तसं. आमी तिघायनं ठरवलं."

बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, उलट आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं.

"मुळं नाही श्वास घेत हो त्यात. तो वेडा श्वास घेतो. तुम्ही सोडलेल्या प्रत्येक आठवड्यात तो दम भरून ओरडला. आणि आता माझी भीती वेगळी आहे. तो पुन्हा पुन्हा दोनाचे चार होताना कधी कधी त्याच्या तोंडाचा आकार बदलतो. आकार बदलला तर ही गोळी त्या जागेत बसणार नाही. मग माझ्या हाताशी दुसरं फार काही नाही."

"मंग आता?"

"आकार बदलला का, ते तपासायला रक्त मुंबईला पाठवते. रिपोर्ट येईपर्यंत रोज गोळी. पुढचं आल्यावर."

मी म्हटलं, "बाई, मी तुडुमात दिवसभर बसलेला मानूस हावो, मले—"

"कवा दिवसभर बसले?" कौसल्या म्हणाली. ती बाईंकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. "मी चिखल आन् धानाचं तनीस आनाले गेली जी, भोक बुजवाले. यायले म्हटलं बसून राहा. हे बसले. मंग यायले वाटलं, जरासा उठून पाठ मोकळी करतो. उठले. मी येऊन पाहातो तं पानी सुटलेलं, आन् बळीरामदादाचे पऱ्हे, सारे रोपं, वाहून गेले. दादा यायले काही बोलले नाही. आन् हे साऱ्या गावाले बैलजोडी सांगत फिरून राहिले." मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते. मला ते जास्त लागलं. "मले समजाले पाह्यजे होतं. गोळी भोकात बसून आहे, आन् मीच म्हटलं, उठ वो, पाठ मोकळी कर."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप तिने दोन मिनिटांत गाडली, आणि दोष मात्र स्वतःवर घेतला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट मिटले आणि मुंबईची चिठ्ठी लिहायला घेतली.

वाट

त्या वाट पाहण्याबद्दल फुगवून सांगायला मला काही सापडत नाही. ती आधीच तेवढी मोठी होती.

रोज जेवण झालं की कौसल्या मोठा लोटा भरून समोर उभी राहायची. गोळी जिभेवर, पाणी पूर्ण, मग तोंड उघडून दाखवायचं. डोळे पुन्हा सुजले. मळमळ परत आली. या वेळी तिची वाटच पाहायचो, कारण मळमळ आली म्हणजे गोळी निदान पोटात आहे. पण ती त्या जागेत बसते आहे की दारातूनच परत फिरते आहे, हे कसं कळणार? रोज सकाळी उठल्याबरोबर बरगडीखाली बोटं दाबायचो. एक दिवस वाटायचं, कमी आहे. दुसऱ्या दिवशी वाटायचं, बोटंच खोटं बोलतात, शेवटी बोटं कोणाची?

बळीरामने विहारात मेणबत्ती लावली, कौसल्येने मातामायला नारळ बोलला. बळीरामला वाटत होतं सगळं त्याच्या त्या एका वाक्याने झालं. तो पाळीवर यायचा, लांब बसायचा. शेवटी मीच म्हटलं, "बळ्या, वाघाचं विचार ना गा."

तो म्हणाला, "बरा झाला का वाघ?"

"होऊन राहिला."

तो रडला. खरंच रडला. यात भर नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही तिघं होतो. कौसल्येने माझा अंगठा धरला होता. बाईंनी पाकीट आधीच फोडलेलं होतं. आम्ही आत शिरलो तेव्हा त्या पाणी पीत होत्या. ग्लास खाली ठेवायला त्यांनी लावलेला वेळ मी अजून माफ केलेला नाही.

"आकार बदललेला नाही," त्या म्हणाल्या. "आजचं रक्तही उतरलं आहे. बसते आहे अजून."

कौसल्येने अंगठा सोडला. त्यावर तिच्या नखांच्या चार चंद्रकोरी होत्या.

"यापुढे धानाची अक्कल धानाला," बाई म्हणाल्या. या वेळी आवाज पुन्हा तहसीलदाराचा होता.

याला आता बरीच वर्षं झाली. बरा झालो असं मी म्हणत नाही. वेडा पाळीवरच आहे, मी त्याला ओळखतो. तो दम भरायला टपून आहे आणि गोळी त्याच्या जागेत बसून आहे. आजार असलेल्या माणसाला मी एवढंच सांगेन: अंगाला त्रास झाला तर डॉक्टरला सांगा, ते काहीतरी करतात. माझ्या पोटऱ्यांतले गोळे पुढे त्यांनीच कमी केले. पण गोळीला तुमच्या मनाने उठवू नका. चांगला रिपोर्ट म्हणजे गोळी बसलेली आहे, एवढंच. तिचं काम संपलं असं नाही.

दट्ट्या अजून माझ्याच हातात आहे. परवा रोवणी आटोपल्यावर पाळीवर मंडळी जमली, कोणीतरी तुडुमाची गोष्ट मागितली. मी सांगितली. मरळ मासे आले, सूर्य मावळला. बैलजोडीपाशी आलो तोच कौसल्या लोटा घेऊन पाळी चढून आली आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवून उभी राहिली.

बळीरामने बिडी विझवली. त्याला सगळं माहीत आहे, त्याचेच पऱ्हे वाहून गेले होते. तरी विचारलं, "मंग उठला कवा गा तू तिथून?"

मी गोळी जिभेवर ठेवली, लोटा रिकामा केला, आणि कौसल्येला तोंड उघडून दाखवलं.

"उठलो कुठं, बळ्या? बसूनच हावो."